बिनतारी पडदाजोडणीतील अडचणी व त्यांचे निवारण

शाळाभेटीस गेले असता अलीकडे एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. वर्गाच्या भिंतीवर ग्रामस्थांच्या वर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही असतो. धूळ बसू नये म्हणून त्यावर स्वच्छ कापड घातलेले असते, आणि ते कापड क्वचितच काढले जाते हे त्याच्या घड्यांवरून ओळखता येते. चौकशी केली म्हणजे गुरुजी सांगतात, "साहेब, लॅपटॉप चालू आहे, टीव्हीही चांगला आहे; पण गावात रेंज नाही, म्हणून लॅपटॉपवरील चित्र टीव्हीवर जात नाही." खेदाची गोष्ट ही की, हे कारण पुष्कळ ठिकाणी मुळातच खरे नसते. लॅपटॉपचे चित्र तारेवाचून टीव्हीवर नेण्याचा जो एक प्रमुख प्रकार आहे, त्यास रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि राऊटरही लागत नाही. ज्यांनी पीक विकून वर्गणी दिली, त्यांची मुले केवळ एका गैरसमजामुळे कापडाकडे पाहत बसतात. हा गैरसमज दूर व्हावा, आणि जोडणी अडली असता दोष नेमका कोठे आहे हे शिक्षकास स्वतः शोधता यावे, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

दोन प्रकारांतील भेद

लॅपटॉपवर जे दिसते तेच टीव्हीवर दाखविण्याच्या बिनतारी रीतीस सामान्यतः स्क्रीन मिररिंग म्हणतात. परंतु ह्या एका नावाखाली दोन अगदी भिन्न व्यवस्था नांदत आहेत, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

पहिली व्यवस्था मिराकास्ट ह्या नावाची. वाय-फाय अलायन्स ह्या संस्थेने ती २०१२ साली प्रसृत केली. हिच्यात लॅपटॉप व टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. अंगणात समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसे जशी कोणाच्या मध्यस्थीवाचून बोलू शकतात, तसाच हा प्रकार होय. दोन्ही यंत्रांत वाय-फायचे साधन असले म्हणजे झाले. भोवती इंटरनेट आहे की नाही, ह्याच्याशी त्या संभाषणाचा काही संबंध नसतो.

दुसरी व्यवस्था क्रोमकास्ट किंवा गुगल कास्ट ह्या नावाने ओळखली जाते. हिच्यात दोन्ही यंत्रांनी एका चावडीवर यावयाचे आणि तेथे बोलावयाचे, अशी रीत आहे. ही चावडी म्हणजे शाळेचा राऊटर अथवा एखाद्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. लॅपटॉप एका चावडीवर आणि टीव्ही दुसऱ्या चावडीवर असेल, तर दोघांची भेट होत नाही. शिवाय ह्या प्रकारातील यंत्रे मधूनमधून इंटरनेटचा शोध घेत असल्याने, जेथे इंटरनेट नाही तेथे हा प्रकार भरवशाचा नाही.

आपल्या टीव्हीत कोणती व्यवस्था आहे हे पाहणे कठीण नाही. रिमोटवरील सोर्स अथवा इनपुटची कळ दाबून, किंवा टीव्हीच्या मुख्य यादीत, स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर, वायरलेस डिस्प्ले किंवा मिराकास्ट ह्यांपैकी एखादे नाव आढळल्यास बहुधा ती पहिली व्यवस्था समजावी. केवळ क्रोमकास्ट हेच नाव असेल तर दुसरी. काही संचांत दोन्ही असतात. तसे असेल तर खेड्यातील शाळेने निःशंकपणे पहिलीच वापरावी. ॲपल कंपनीची एअरप्ले नावाची तिसरीही एक व्यवस्था आहे. परंतु विंडोज प्रणालीचा लॅपटॉप मुळात ती भाषा जाणत नाही, म्हणून आपल्या शाळांच्या दृष्टीने तिचा विचार येथे करीत नाही.

लॅपटॉपची पात्रता

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी लॅपटॉपला हे काम येते की नाही, ह्याची एकदा खात्री करून घ्यावी. विंडोज ७ ह्या जुन्या प्रणालीत मिराकास्टची सोय अंगभूत नाही. ती २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आली, आणि विंडोज १० व ११ मध्ये आहे. तथापि प्रणाली नवी असली म्हणजे यंत्र पात्र ठरतेच असे नव्हे. त्यातील चित्र तयार करणारा भाग आणि वाय-फायचा भाग, दोघांनाही हे काम यावे लागते.

ह्याची परीक्षा अशी. विंडोजची कळ व आर ही कळ एकदम दाबावी. जी लहान चौकट उघडते तीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा रोमन अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. एखादा प्रश्न विचारला गेल्यास होकार द्यावा. माहितीची खिडकी उघडल्यावर तळाशी सर्व माहिती साठविण्याचे बटण दिसते, ते दाबून ती माहिती डेस्कटॉपवर ठेवावी. ती उघडल्यावर आरंभीच्या काही ओळींतच मिराकास्ट ह्या शब्दाची ओळ सापडते. तेथे अव्हेलेबल असे असेल तर लॅपटॉप पात्र आहे. नॉट सपोर्टेड असे असेल तर त्यापुढे काय लिहिले आहे ते लक्षपूर्वक वाचावे, कारण दोष ग्राफिक्सच्या भागात आहे की वाय-फायच्या, हेही पुष्कळदा तेथेच नमूद केलेले असते.

येथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. शाळेतील लॅपटॉप बिघडला म्हणजे आपण तो तालुक्याच्या दुकानी देतो आणि दुकानदार तो फॉरमॅट करून परत देतो. लॅपटॉप चालू होतो, धडे दिसतात, सर्व काही ठीक वाटते. परंतु पूर्वी टीव्हीवर जाणारे चित्र आता जात नाही. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टर्स ही ओळ उघडून पाहावी. तेथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर असे नाव असेल, तर चित्राच्या भागाचा खरा ड्रायव्हर बसविलाच गेलेला नाही असे समजावे. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाकडून काम करून घेणारी आज्ञावली. एका दिवसापुरते मोबाईलचे इंटरनेट जोडून विंडोज अपडेटमधील ऐच्छिक अपडेटच्या यादीतून, किंवा लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या संकेतस्थळावरून, तो उतरवून घेता येतो. दुकानातून लॅपटॉप परत घेतेवेळीच ही ओळ पाहण्याची सवय लावल्यास पुढचा त्रास वाचतो.

जोडण्याचा योग्य क्रम

मिराकास्टच्या जोडणीत क्रमाला महत्त्व आहे. आधी टीव्ही सज्ज करावयाचा, मग लॅपटॉपने हाक मारावयाची. टीव्हीवर स्क्रीन मिररिंगचे पान उघडून ठेवावे. तो जोडणीची वाट पाहत असल्याची सूचना दिसेल. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ व के ही कळ एकदम दाबावी. उजव्या बाजूस जी यादी उघडते, तीत थोड्या वेळाने टीव्हीचे नाव येते, त्यावर टिचकी मारावी. टीव्हीवर अंक दिसल्यास ते लॅपटॉपवर लिहावेत. टीव्हीने परवानगी विचारल्यास ती रिमोटने द्यावी. काही टीव्ही थोडा वेळ वाट पाहून ते पान आपोआप बंद करतात. शिक्षक लॅपटॉपशी झटत असता इकडे टीव्ही केव्हाच झोपी गेलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून प्रत्येक प्रयत्नापूर्वी एकदा मान वर करून टीव्हीकडे पाहावे.

टीव्हीचे नाव यादीत येतच नसेल, तर पहिली शंका लॅपटॉपच्या वाय-फायविषयी घ्यावी. ह्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगण्यास हरकत नाही. एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत ह्याच विषयाचे प्रात्यक्षिक करावयास मी उभा राहिलो. समोर तीसएक शिक्षक बसले होते. टीव्हीचे नाव काही केल्या येईना. लॅपटॉपवर इंटरनेट उत्तम चालत होते, म्हणून वाय-फाय चालू आहे असे मी गृहीत धरले आणि टीव्हीलाच दोष देत राहिलो. वीस मिनिटे गेली. अखेर मागील रांगेतील एका शिक्षिकेने, जवळ येऊन, पडद्याच्या कोपऱ्यातील विमानाच्या लहानशा चिन्हाकडे बोट दाखविले. मी इंटरनेट घेतले होते ते मोबाईलला तारेने जोडून; आणि लॅपटॉपचा एअरप्लेन मोड आदल्या रात्रीपासून चालूच होता, म्हणजे वाय-फाय सर्वस्वी बंद. इंटरनेट चालणे आणि वाय-फाय चालू असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी ज्यांना शिकविण्यास गेलो होतो त्यांच्याकडूनच त्या दिवशी शिकलो.

तेव्हा वाय-फाय चालू असावे, पण ते कोणत्याही जाळ्यास जोडलेले असण्याची आवश्यकता नाही. हे वाक्य प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, परंतु पहिल्या व्यवस्थेचे सार त्यातच आहे.

नाव दिसते, टिचकी मारली की थोडा वेळ चक्र फिरते, आणि मग जोडता आले नाही असा संदेश येतो. ही दुसरी नेहमीची तक्रार. बहुधा कारण असे असते की, दोघांची पूर्वीची ओळख कोठे तरी अर्धवट राहिलेली असते. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ व इतर साधनांच्या यादीत टीव्हीचे जुने नाव असेल ते काढून टाकावे. टीव्हीतही पूर्वी जोडलेल्या साधनांची यादी असल्यास तेथून लॅपटॉपचे नाव काढावे. टीव्हीने परवानगी विचारली असता कोणी चुकून नकाराची कळ दाबली असेल, तर काही संच तो नकार कायमचा लक्षात ठेवतात आणि पुढे विचारतदेखील नाहीत. यानंतर दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत. टीव्ही बंद करणे म्हणजे रिमोटची कळ दाबणे नव्हे, कारण त्याने तो केवळ डुलकी घेतो. भिंतीवरील बटण बंद करून एक मिनिट थांबावे. एवढ्याने काम झाले नाही, तर लॅपटॉपमधील फायरवॉलकडे वळावे. पहिल्या जोडणीच्या वेळी विंडोज एक परवानगी विचारते. ती नाकारली गेली असल्यास, किंवा बाहेरून बसविलेल्या अँटिव्हायरसने वाट अडविली असल्यास, फायरवॉलने परवानगी दिलेल्या कार्यक्रमांच्या यादीत वायरलेस डिस्प्ले ह्या नावापुढे खूण आहे की नाही ते पाहावे.

दुसऱ्या व्यवस्थेचा, म्हणजे क्रोमकास्टचा टीव्ही असेल तर विंडोज व के ह्या कळांनी त्याचे नाव सहसा येणार नाही, आणि त्यात लॅपटॉपचा काही दोष नाही. तेथे क्रोम हा ब्राउझर उघडून उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांच्या यादीत कास्ट हा शब्द असलेली ओळ शोधावी आणि संपूर्ण स्क्रीन दाखविण्याचा पर्याय निवडावा. टीव्ही व लॅपटॉप एकाच हॉटस्पॉटवर आहेत ना, हे दोन्हींच्या सेटिंग्ज उघडून नावानिशी ताडून पाहावे. अलीकडील मोबाईलचा हॉटस्पॉट कधी ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असतो, तो जुन्या टीव्हीस दिसतच नाही. तो २.४ वर आणल्यास दिसू लागतो. काही राऊटर पाहुण्यांसाठी निराळे जाळे देतात आणि त्यावरील यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, म्हणून पाहुण्यांचे जाळे टाळावे.

चित्र आले, पण हवे तसे नाही

जोडणी झाली, टीव्हीवर निळसर देखावा आला, पण धडा मात्र लॅपटॉपवरच राहिला, ही तक्रार मजकडे इतक्या वेळा आली आहे की तिच्यासाठी निराळी टाचणी करावी असे वाटते. वास्तविक येथे काहीच बिघडलेले नसते. विंडोजची कळ व पी ही कळ दाबल्यास चार पर्याय दिसतात. त्यांत एक्स्टेंड हा निवडलेला असेल तर टीव्ही हा लॅपटॉपच्या टेबलाला जोडलेले दुसरे टेबल बनतो, आणि त्या टेबलावर आपण काही ठेवलेलेच नसते. डुप्लिकेट हा पर्याय निवडावा, म्हणजे दोन्हीकडे सारखेच दिसेल. चौथा पर्याय चुकून निवडला गेला तर लॅपटॉप काळा पडतो व टीव्ही तेवढा चालतो. तेव्हाही न घाबरता त्याच दोन कळांनी परत यावे.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असल्यास, घड्याळाजवळील कर्ण्याच्या चिन्हावर जाऊन आवाजाचे ठिकाण म्हणून टीव्हीचे नाव निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो टीव्हीच्या चित्राकाराचा प्रश्न आहे. चित्र पूर्ण दाखविण्याचा पर्याय टीव्हीतच असतो. चित्रपट दाखविणाऱ्या काही सेवांचे चित्र टीव्हीवर काळेच दिसते. ते नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम योजलेले आहे, त्यावर वेळ दवडू नये.

अडखळणाऱ्या चित्राविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मुलांना कविता ऐकविताना मध्येच आवाज तुटला की सगळा रस जातो, आणि बहुतेक शिक्षक ह्याच कारणाने कंटाळून बिनतारी जोडणी सोडून देतात. ह्याचे मूळ असे आहे की, पुष्कळ लॅपटॉपांत बिनतारी संदेश देणारे यंत्र एकच असते. ते एकीकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटशी बोलत असेल आणि दुसरीकडे टीव्हीस चित्र पाठवीत असेल, तर त्याची अवस्था दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकासारखी होते. पहिलीला अक्षरे गिरवावयास सांगून तो चौथीकडे वळतो, तोवर पहिलीत गलका सुरू होतो. दोन्ही संभाषणे वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर त्या यंत्रास सतत इकडून तिकडे उडी मारावी लागते, आणि प्रत्येक उडीत चित्राचा थोडा भाग निसटतो. ह्यावर उपाय सोपा आहे. धडा किंवा गीत आदल्या दिवशी लॅपटॉपवर उतरवून ठेवावे, आणि वर्गात वाय-फाय चालू ठेवून हॉटस्पॉट मात्र तोडावा. ज्या शाळांत रेंज नाही, त्यांना हा लाभ आपोआपच मिळतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याखेरीज ब्लूटूथचा स्पीकर जोडलेला असल्यास तो काढून पाहावा, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतो, आणि त्या पट्ट्यात मुळात जागा थोडी. १, ६ व ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात. लोखंडी कपाट किंवा पत्र्याचा आडपडदा लॅपटॉप व टीव्ही यांच्यामध्ये येऊ देऊ नये. धातूमागून हे संदेश नीट जात नाहीत. लॅपटॉप टीव्हीपासून चार-पाच पावलांवर, मोकळ्या जागी असावा. बॅटरीवर चालताना काही लॅपटॉप वीज वाचविण्यासाठी वाय-फायची शक्ती कमी करतात, म्हणून शक्य तर चार्जर लावलेला असावा. ह्यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र सुधारले तरी कशाने सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

तारेविषयी

इतके लिहिल्यावर माझे स्वतःचे मत सांगितले पाहिजे. टीव्ही भिंतीवर पक्का बसविलेला आहे आणि लॅपटॉपही नेहमी त्याच टेबलावर ठेवावयाचा आहे, अशा वर्गात एचडीएमआयची तार हीच श्रेष्ठ. तिला ओळख लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि चित्राबरोबर आवाजही ती नेते. पाच मीटरची साधी तार वर्गाच्या कामास पुरते. बिनतारी जोडणीचा खरा उपयोग लॅपटॉप हाती घेऊन मुलांमध्ये फिरावयाचे असते तेव्हा होतो. शेवटच्या ओळीतील एखाद्या अबोल मुलीपुढे लॅपटॉप ठेवून तिने लिहिलेला शब्द साऱ्या वर्गास टीव्हीवर दाखविता येतो. हे तारेने होत नाही, आणि केवळ ह्यासाठी म्हणून ही विद्या आत्मसात करण्यासारखी आहे. मात्र पाच मिनिटांत जोडणी झाली नाही तर तार लावावी, तार नसेल तर खडू हाती घ्यावा, आणि दोषाचा शोध मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर करावा. चाळीस मुलांना यंत्राच्या दुरुस्तीचे प्रेक्षक करणे उचित नव्हे.

सर्व उपाय करूनही यश न आल्यास गट साधन केंद्राकडे जी तक्रार पाठवावयाची, ती "टीव्ही चालत नाही" एवढीच नसावी. अशा तक्रारीवरून कोणासही काही करता येत नाही. टीव्हीच्या पाठीवरील मॉडेलचा क्रमांक, लॅपटॉपची प्रणाली, मिराकास्टच्या ओळीत आढळलेले शब्द, टीव्हीचे नाव यादीत दिसते की नाही, आणि जोडणी अडताना पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, एवढे लिहावे. संदेश इंग्रजीत असेल तर मोबाईलने त्याचे छायाचित्र काढून जोडावे. पुष्कळदा एवढ्या माहितीवरून दूरध्वनीवरच उत्तर देता येते, आणि लॅपटॉप पिशवीत घालून तालुक्यास नेण्याची खेप वाचते.